नाजिशचा क-१

एक मेचं झेंडावंदन आटोपलं आणि शाळेच्या व्हरांड्यात पालकांची गर्दी झाली. मोताळा तालुक्यातलं हे गाव तसं लहान, शाळाही चौथीपर्यंतचीच. पहिलीच्या वर्गाबाहेर टेबल टाकून धम्मशीला गवई निकाल द्यायला बसली होती. नोकरीला लागून तिला फार दिवस झाले नव्हते आणि पहिलीचा वर्ग तर पहिल्यांदाच तिच्या वाट्याला आला होता. जूनमध्ये आईचा पदर सोडायला तयार नसलेली तीच पोरं आज डोक्याला तेल चोपडून, नवे कपडे घालून, निकालाचा कागद आपल्याच हातात मिळावा म्हणून भांडत होती.

धम्मशीला एकेका पालकाला समोर बसवून प्रगतिपत्रक समजावून सांगायची. मूल काय वाचतं, कुठे अडतं, कशात रमतं, सगळं. पण पालकांना हवं असायचं ते निराळंच.

"मॅडम, नंबर कितवा आला?"

"पहिलीत नंबर नसतो हो."

"मंग पास तं हाय ना?"

"पहिलीत सगळेच पास."

हे ऐकलं की समोरचा माणूस जरा हिरमुसायचा. सगळेच पास, तर मग आपल्या लेकरानं वर्षभर वेगळं केलं काय?

अशात गर्दी बाजूला सारत कय्यूमचाचा आले. गावातल्या बँड पार्टीचे मालक ते. सगळं आयुष्य ढोल-ताशांत गेलेलं, त्यामुळे साधं 'पाणी द्या' म्हटलं तरी शेजारच्या घरातून कुणीतरी तांब्या घेऊन यावं असा आवाज. आज लग्नाची सुपारी होती. अंगात लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर, कपाळावर घाम. त्यांची नात नाजिश बोट धरून सोबत होती.

"मॅडम, लय घाई हाय. नवरदेव घोड्यावर बसून राह्यला तिकडं. कागद द्या, घरी जाऊन पाहतो."

धम्मशीलानं नाजिशचं पत्रक काढलं. पोरगी गोड होती, चित्रं सुंदर काढायची, बेरजा बोटांवर न मोजता करायची. फक्त भाषेचं गाडं अडलं होतं. "चाचा, दोन मिनिटं बसा," ती म्हणाली, "भाषेबद्दल थोडं बोलायचं होतं."

चाचांनी कागद डोळ्यांजवळ धरला. एका ओळीवर बोट ठेवलं. "हे काय, क हाय ना? क-एक?"

"हो. त्याच्याबद्दलच मी..."

"बस, मॅडम! बस." चाचांच्या डोळ्यांत पाणी आलं. "पुढं काही बोलू नका. समजलं मले." त्यांनी धम्मशीलासमोर हात जोडले, नातीला उचलून खांद्यावर घेतलं आणि गर्दीतून निघूनही गेले.

धम्मशीला त्यांना थांबवायला उठली, तोवर ते फाटकाबाहेर होते. अ-१ ही सगळ्यात वरची श्रेणी. तिथून खाली येत येत ब, आणि त्याच्याही खाली क. भाषेत क-१ मिळालेली वर्गात नाजिश एकटीच होती. म्हातारा माणूस भरल्या डोळ्यांनी गेला. आपण आधी घरी जाऊन नीट सांगायला हवं होतं, असं तिला वाटत राहिलं. पुढच्या पालकांशी बोलताना तिचं लक्ष लागेना.

गर्दी जरा ओसरली, तेवढ्यात रस्त्यावरून ढोलाचा आवाज आला. आधी वाटलं, वरात असेल. पण आवाज सरळ शाळेच्या फाटकातून आत आला. पुढे कय्यूमचाचा क्लॅरोनेट वाजवत, मागे अख्खी बँड पार्टी, आणि मधोमध मोठ्या ढोलाला खेटून नाजिश. डोक्यावर बँडवाल्याची टोपी, ती कानांवरून घसरून पार भुवयांपर्यंत आलेली. ढोलावर टिपरू पडत होतं आणि नाजिश त्याच्या कातड्याच्या कडेला तळहात टेकवून हसत उभी होती. निकाल घेऊन घरी निघालेली पोरं परत फिरली आणि अंगणात नाचायला लागली.

वाजवणं थांबलं. चाचांनी बगलेतली पेढ्यांची पेटी उघडली आणि पहिला पेढा मुख्याध्यापक पंजाबराव खर्चे यांच्या तोंडात घातला.

"सर, आमच्या खानदानात आजवर कोणी पाटीवर धड नाव लिहिलं नाही. आन माह्या नातीनं भाषेत क-एक आणला! पहिल्यातला पहिला!"

खर्चे सरांचा पेढा तोंडातच राहिला.

"आता मी काही लय शिकलेला माणूस नाही," चाचा सगळ्या अंगणाला सांगत होते, "पण एवढं समजते. क, ख, ग, घ. पहिलं अक्षर क. अ, आ हे तं लेकराले तोंड उघडाले शिकवतेत. आन त्यातबी एक नंबर! गणितात जराशी कच्ची हाय, अ-दोन हाय, पण थे मॅडम पाहून घेतील दुसरीत. काय मॅडम?"

एवढ्या वाजंत्र्यांसमोर, पेढा हातात धरून, धम्मशीला काय बोलणार होती? ती फक्त मान हलवून हसली. नवरदेव खोळंबला होता. बँड आला तसा वाजत गेला.

खर्चे सरांनी पेढा गिळला आणि खुर्चीत बसून हसू लागले. हसता हसता त्यांना ठसका लागला. "मॅडम, आता हे काम तुमचं. मी काही त्यांना सांगायला जाणार नाही. मी पेढा खाल्लाय."

"हसता काय सर? अख्ख्या गावाला पेढे वाटले असतील त्यांनी."

"अहो, पहिलीचं वर्ष आहे. त्यांच्या घरची बोली हिंदी-उर्दू. मराठीत थोडी मागं राहते पोरगी. दुसरीत येईल बरोबर."

धम्मशीलानंही पत्रकात हेच लिहिलं होतं: 'घरची भाषा वेगळी असल्याने ऐकून समजण्यास वेळ लागतो. सराव हवा.' लिहिताना ते अगदी पटण्यासारखं वाटलं होतं. गोष्ट सांगताना नाजिश हसायची, पण इतर पोरं हसल्यावर. श्रुतलेखनात 'पाट' सांगितलं की 'बात' लिहायची. पण फळ्यावरचं बघून उतरवायला सांगा, एक वेलांटी चुकायची नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी धम्मशीला चाचांच्या घरी गेली. अंगणात खाटेवर पांढऱ्या धोतरावर कुरडया वाळत घातल्या होत्या. भिंतीच्या खुंट्यांना ताशे टांगलेले. नाजिश अंगणाच्या कोपऱ्यात, दाराकडे पाठ करून, कोळशानं फरशीवर घोडा काढत बसली होती.

"याऽऽ मॅडम, या!" चाचांनी स्वागत केलं. "अंजुम! मॅडम आल्या! चहा ठेव!"

"ऐकलं!" नाजिशची आई आतून तेवढ्याच जोरात म्हणाली. "शक्कर किती टाकू, विचारा!"

"शक्कर किती, मॅडम?"

"कमी!" धम्मशीला म्हणाली. आपणही ओरडलो, हे तिच्या उशिरा लक्षात आलं.

चहा आला. तिनं बशीत ओतलेला चहा संपवला, पदर सारखा केला आणि मग एका दमात सगळं सांगून टाकलं. अ म्हणजे काय, ब म्हणजे काय, क म्हणजे काय.

अंजुमनं ओढणीचं टोक तोंडावर धरलं, पण तिचे खांदे हलत होते. शेवटी तिला हसू आवरलंच नाही. "अब्बा, पेढे तं लोकाईच्या पोटात गेले. आता कसे वापस मांगता?"

"म्हणजे मी गावभर उलटं वाजवलं," चाचा म्हणाले. क्षणभर तेही हसले. मग हसू मावळलं. "लोक हसतील, हसू दे. बँडवाल्याले कोण काय म्हणते. पण मॅडम, पोरगी भाषेत मांगं काऊन? घोडा पाहा तिचा, नाल पण काढली तिनं. अशी पोरगी कच्ची कशी राहीन?"

"कच्ची नाही, चाचा. तुमच्या घरी हिंदी बोलतात ना, त्यामुळं मराठी ऐकून समजायला जरा..."

"कोण बोलते हिंदी?" अंजुमचं हसू थांबलं. "माहं माहेर जानेफळचं, मॅडम. मी तं भांडतोबी मराठीत. हिंदी आम्ही पाव्हणे आले की बोलतो. नाजिशले विचारा, तिले इथली सगळी भाषा समजते. एका हाकेत येते." आणि तिनं लगेच दाखवून दिलं, "नाजिऽऽऽश!"

भिंतीवरचा कावळा उडाला. नाजिशनं मान वळवली आणि हसली.

"पाह्यलं?"

धम्मशीला हसायला गेली आणि मध्येच थांबली. या घरात शिरल्यापासून हळू आवाजात कुणी एक शब्द बोललं नव्हतं. चाचा ओरडत होते, म्हणून अंजुम ओरडत होती, आणि दोघांत बसून तीसुद्धा. आणि वर्गात? तिचा आवाज मुळातच बारीक. ट्रेनिंगला असताना मॅडम म्हणायच्या, गवई, मागच्या बाकापर्यंत पोचू द्या.

नाजिशनं पुन्हा पाठ फिरवून घोड्याला शेपटी काढायला घेतली होती. धम्मशीला उठली, हलक्या पावलांनी तिच्या मागे जाऊन उभी राहिली आणि वर्गात बोलते तशी म्हणाली, "नाजिश, पेढा खाशील?"

कोळसा चालतच राहिला.

"नाजिश, तुझा घोडा छान आहे."

काही नाही. अंजुम उठून जवळ आली. धम्मशीलानं आवाज थोडा चढवला, मग आणखी थोडा. तिसऱ्या वेळेला नाजिशनं वळून पाहिलं. आता धम्मशीला तिच्या समोर येऊन उकिडवी बसली आणि अगदी पुटपुटल्यासारखं म्हणाली, "पेढा खाशील?" नाजिशची नजर तिच्या ओठांवर होती. तिनं लगेच मान डोलावली. मग धम्मशीलानं तोंडावर पदर धरला आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला. नाजिश तिच्याकडे बघत राहिली, आणि काहीतरी करायला हवं म्हणून नुसतीच हसली.

ते हसू धम्मशीलाच्या चांगलं ओळखीचं होतं. वर्षभर गोष्टीच्या तासाला तिनं ते पाहिलं होतं.

"मॅडम," चाचा खाटेच्या कडेवर टेकले. कुरडया मोडल्या, पण अंजुम नाजिशकडेच बघत होती. "थे ढोलाजवळ उभी राह्यते. पापणी हलत नाही तिची. मोठमोठे पोट्टे कान झाकतेत. मी सगळ्यायले सांगत होतो, बँडवाल्याचं रक्त हाय म्हणून." त्यांनी नातीकडे पाहिलं. धम्मशीलानं त्यांचा इतका हळू आवाज आधी कधी ऐकला नव्हता. "तिले ऐकूच येत नाही काय वं?"

"येतं चाचा, पण कमी येतं. किती कमी ते डॉक्टर सांगतील. आपण बुलढाण्याला जाऊ. मीपण येते."

ती घरी निघाली तेव्हा मनात धाकधूक होती, पण गंमत म्हणजे बरंही वाटत होतं. पत्रकावरच्या त्या श्रेणीनं पहिल्यांदा काहीतरी सांगितलं होतं. भाषा कळत नाही आणि ऐकू येत नाही, या दोन गोष्टी कागदावर अगदी सारख्याच दिसतात. ती ज्याला घरची बोली समजत होती, ते दुसरंच काहीतरी होतं.

सोमवारी ते एस.टी.नं निघाले. राजूरचा घाट चढून बस बुलढाण्यात शिरली तरी चाचा नातीच्या कानांकडेच बघत होते. गावात काही लोकांनी 'क-एक'वरून त्यांची फिरकी घ्यायला सुरुवात केली होती, पण त्यांचं तिकडे लक्षच नव्हतं. सरकारी दवाखान्यात कान-नाक-घसा असं लिहिलेल्या दारासमोर रांगेत ते नातीचा हात घट्ट धरून उभे राहिले.

डॉक्टर तरुण बाई होत्या. त्यांनी बॅटरीच्या उजेडात नाजिशचे दोन्ही कान पाहिले, मग मशीनवर बसवून तपासणी केली.

"हिला सारखी सर्दी होते का?"

"बारा महिने," अंजुम म्हणाली.

"कानाच्या पडद्याआड पाणी साचलंय. आणि वरून दोन्ही कानांत मळाचे बूच बसलेत. त्यामुळं तिला सगळं असं ऐकू येतंय, जसं आपल्याला उशीखाली डोकं घातल्यावर येईल. आधी थेंब देते, मळ मऊ होईल, पुढच्या आठवड्यात काढू. पाण्यासाठी औषध सुरू करू. बहुतेक पोरांचं उतरतं ते."

"म्हणजे ऐकू येईन ना तिले?" चाचांचा आवाज कॉरिडॉरमध्ये घुमला. बाहेरच्या रांगेतली दोन-तीन डोकी आत डोकावली.

डॉक्टरांनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं. "येईल. चाचा, तुमचे कान कधी तपासले?"

"माहे? माहे कान एकदम टंच हायेत!"

डॉक्टर दुसरीकडे बघत हळूच काहीतरी म्हणाल्या.

"काय म्हणता?"

अंजुम आधी हसली, मग धम्मशीला, मग डॉक्टर. नाजिशला काही कळलं नव्हतं, तरी सगळ्यांची तोंडं बघून तीही हसली. चाचांचाही केसपेपर निघाला.

पुढच्या आठवड्यात पुन्हा तीच चौघं त्याच खोलीत. डॉक्टरांनी पिचकारीनं कोमट पाणी सोडून एक कान साफ केला, मग दुसरा. नाजिशनं अंजुमच्या मांडीला नखं रुतवली, पण रडली नाही. सगळं झाल्यावर नर्सनं स्टीलचा ट्रे टेबलावर ठेवला, तेव्हा मात्र ती दचकून उडालीच. मग वर पाहिलं. छतावरचा जुना पंखा कुरकुरत फिरत होता.

"मॅडम," ती धम्मशीलाच्या कानाशी येऊन म्हणाली, "पंखा बोलते."

चाचांनी खिशातला रुमाल काढला आणि नाक शिंकरलं. नाजिशनं त्या आवाजाकडेही आश्चर्यानं पाहिलं.

परतीच्या बसमध्ये ती खिडकीशी बसली. कंडक्टरच्या घंटीची दोरी ओढली गेली की विचारायची, हे काय वाजलं? गिअर पडला की, हे काय? घाटात वळणावर बस हॉर्न देई, तेव्हा ती दोन्ही हातांनी कान झाकी आणि लगेच बोटं फटीएवढी उघडून पुन्हा ऐके. चाचा प्रत्येक आवाजाचं नाव सांगत होते. पत्रा, ब्रेक, कोणाच्या तरी पिशवीतलं कोंबडं. सांगता सांगता त्यांचा आवाज नेहमीच्या पट्टीला पोचला.

नाजिशनं त्यांच्या तोंडावर हात ठेवला. "दादा, ओरडता काऊन? मी इथंच तं हाय!"

अख्खी बस हसली. चाचांना असा अपमान पुन्हा पुन्हा व्हावा असं वाटत असावं, कारण घर येईपर्यंत त्यांनी तिला आणखी तीनदा तसं म्हणायला लावलं.

औषध महिनाभर चाललं. जूनच्या मध्यावर डॉक्टरांनी पुन्हा तपासलं, तेव्हा पडद्याआडचं पाणी उतरलं होतं. त्याच सुमारास धम्मशीलानं खर्चे सरांना गाठलं.

"सर, मी नाजिशची भाषेची चाचणी पुन्हा घेतली, तिच्या घरी बसून. श्रुतलेखनात एकच चूक. गोष्ट तर तिनंच मला सांगितली, मधे मला बोलूही दिलं नाही. पत्रक बदलून देऊ या का?"

खर्चे सरांनी चष्मा काढला. "निकाल तर लागून गेला. पण आपण नवी नोंद जोडू. 'घरची भाषा' वगैरे जे लिहिलंय ना, ते आधी काढा. मीही तेच म्हणालो होतो तुम्हाला."

चाचांना शाळेत बोलावून तिनं नवी नोंद वाचून दाखवली, आणि श्रेणीही बदलायची का, असं विचारलं. चाचांच्या उजव्या कानात आता एक छोटं यंत्र होतं आणि ते चक्क माणसांच्या आवाजात बोलत होते.

"नोंद जोडा, मॅडम. पण थे क-एक राहू द्या. अ-एक असता तं तुम्ही माह्या घरी आल्या असत्या काय?"

धम्मशीलानं टाचणी शोधली. तिनं नवीन कागद पत्रकाला टाचला.

विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीस उघडल्या. धम्मशीलाकडे पुन्हा पहिलीच आली. तीच रडारड, तेच आयांचे पदर. पहिला आठवडा तिनं पुस्तकाला हात लावला नाही. खेळता खेळता एकेका मुलाच्या मागे जाऊन ती हळूच नाव घ्यायची, कोण वळून बघतं ते पाहायची. लांबून चित्र दाखवायची, कोण डोळे बारीक करतं ते पाहायची. खर्चे सर दारातून बघून जायचे. मग एक दिवस तेच म्हणाले, "दुसरीच्या वर्गातपण करून टाका एकदा."

शुक्रवारी तिनं वाळूत किल्ला करत बसलेल्या एका नव्या मुलीच्या पाठीमागून अगदी बारीक आवाजात विचारलं, "नाव काय गं तुझं?"

मुलीनं मान वर केली, वळली आणि कमरेवर हात ठेवला.

"मॅडम, मांगून काऊन पुसता? समोर बसा ना. इथं जागा हाय."

धम्मशीला पदर खोचून तिच्यासमोर वाळूत बसली, आणि मुलीनं तिच्या हातात पाण्याचा डबा दिला, किल्ल्याची भिंत ओली करायला.